टीजे ‘बुडाली’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब

पोटोमॅककाठी:

गेल्या आठवड्यात आपल्यातल्याच एका सभासदाने लिहिलेला मजकूर मला चार वेगवेगळ्या पालकांनी पाठवला आणि चौथ्यांदा तो वाचल्यावर गप्प बसणे शक्य झाले नाही. आशय थोडक्यात असा, की व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीच्या स्कूल बोर्डाने २०२० च्या अखेरीस टॉमस जेफरसन या निवडक सरकारी हायस्कूलची, म्हणजे टीजेची, प्रवेशपरीक्षा काढून टाकली, त्यानंतर आलेल्या पहिल्याच तुकडीत नॅशनल मेरिटचे, म्हणजे पीएसएटी या परीक्षेवरून ठरणाऱ्या देशव्यापी शिष्यवृत्तीचे, सेमीफायनलिस्ट १६५ वरून ८१ वर घसरले, यू. एस. न्यूजच्या उत्तम हायस्कूलांच्या यादीत सलग तीन वर्षे पहिली आलेली शाळा २०२४ मध्ये चौदावी झाली. आणि म्हणून ‘बोर्डाने सोन्यासारखी शाळा मातीत घातली’.

यातले आकडे मी नाकारत नाही. त्यांचा लावलेला अर्थ मला पटत नाही आणि ज्या खात्रीने तो लावला आहे ती पाहून तर चीड आली.

आधी यादीचे पाहू. २०२४ च्या यादीसाठी २०२१–२२ या शालेय वर्षाची माहिती वापरली होती. त्या वर्षी टीजेच्या बारावीत बसलेली मुले प्रवेशपरीक्षा देऊनच २०१८ मध्ये आत आली होती, आणि नव्या पद्धतीची मुले तेव्हा जेमतेम नववीत होती. एपी, म्हणजे महाविद्यालयीन दर्जाच्या, परीक्षांवर बेतलेला जो भाग त्या यादीत सर्वांत वजनदार असतो, तो बारावीच्या मुलांवरून काढतात. म्हणजे ज्या घसरणीचे खापर आपण नव्या पद्धतीवर फोडतो, तिच्यातला मोठा वाटा जुन्या पद्धतीच्या मुलांच्या काळातला आहे. सून उंबरठा ओलांडण्याआधीच तिच्या पायगुणाने घर बुडाले म्हणण्यातला हा प्रकार झाला.

आता ते ८१. सेमीफायनलिस्टांची संख्या शाळेवर नव्हे, तर राज्यावर ठरते. देशभरातल्या सुमारे सोळा हजार जागा राज्यांना त्यांच्या हायस्कूल पदवीधरांच्या प्रमाणात वाटून दिलेल्या असतात आणि त्या भरतील अशा बेताने प्रत्येक राज्याचा कटऑफ ठरतो. त्या वर्षी व्हर्जिनियाचा कटऑफ २२८ पैकी २१९ वरून २२२ वर गेला. याचा अर्थ राज्यातली हुशार मुले कमी झाली नाहीत आणि टीजेतून गेलेल्या चौऱ्याऐंशी जागा हवेत विरल्या नाहीत. त्या राज्यातल्याच दुसऱ्या शाळांतल्या मुलांना मिळाल्या. त्यांतली एक आमच्या घरात आहे. माझ्या मुलाला २०२१ मध्ये टीजेत प्रवेश मिळाला नाही. तो आमच्या बेस स्कूललाच, म्हणजे पत्त्याप्रमाणे मिळणाऱ्या शाळेतच, गेला आणि २०२४ च्या सप्टेंबरात सेमीफायनलिस्ट झाला. टीजेत गेला असता तर त्याच मुलाचा, त्याच डोक्याचा आकडा टीजेच्या खात्यावर जमा झाला असता आणि आपण सगळ्यांनी टीजेच्या शिक्षणाचे गोडवे गायले असते.

पीठ बारीक निघाले की आपण जात्याचे कौतुक करतो. ते चाळणीमुळे बारीक निघाले का, हे कुणी पाहत नाही. टीजेची चाळणी बदलली, म्हणून खाली पडणारे पीठ बदलले. जाते बिघडले की नाही, हे या आकड्यांवरून मुळीच कळत नाही. आणि खरे तर पूर्वी ते फार चांगले होते, हेही कधी कळले नव्हते.

अॅशबर्नकर:

आधीच सांगतो, ही आंबट द्राक्षे नव्हेत. माझी मुलगी जुन्या परीक्षेतून टीजेत गेली आणि २०२३ मध्ये तेथून बाहेर पडली. त्यामुळे मी जे लिहितो आहे ते आतून पाहून लिहितो आहे.

यादीबद्दलचा आपला मुद्दा मान्य. ती यादी मी यापुढे कुणाच्या तोंडावर फेकणार नाही. पण चाळणी आणि जाते यांचा दृष्टान्त आपण अर्धाच वापरलात. जात्यात काय घातले यावर पीठ ठरत नाही काय? टीजे म्हणजे इमारत नव्हे आणि केवळ शिक्षकही नव्हेत. बाजूच्या बाकावरचा मुलगा अकरावीतच मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस करतो, म्हणून आपल्या मुलालाही ते अशक्य वाटत नाही. रात्री अकरा वाजता भौतिकशास्त्राच्या गृहपाठावर सहा जण फोनवर भांडतात. शेवटच्या वर्षी संशोधनाच्या प्रयोगशाळेत जोडीदार असा मिळतो की ज्याला दोनदा सांगावे लागत नाही. ही सोबत म्हणजेच शाळा. ती सोबत पंचवीस शाळांत विखुरल्यावर बेरीज तेवढीच राहते, हे मला आपल्या एका मुलाच्या उदाहरणावरून मान्य करता येत नाही. आपला मुलगा सेमीफायनलिस्ट झाला याचा आनंद आहे, पण पीएसएटी ही दोन-सव्वादोन तासांची परीक्षा आहे. तिच्यात जे मोजले जात नाही ते त्याला बेस स्कूलमध्ये मिळाले का, हे आपण लिहिलेले नाही.

आणि चाळणी ‘बदलली’ हा शब्दही फार सौम्य झाला. परीक्षा गेली, शिक्षकांची शिफारसपत्रे गेली, उरला तो जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, ज्यात अर्ज करणारे जवळपास सगळेच चारच्या आसपास असतात, आणि उरले निबंध. शिवाय प्रत्येक पब्लिक मिडल स्कूलच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखल्या. ज्या शाळेच्या आठवीत सातशे मुले आहेत आणि त्यांतली दोनशे खरोखर तयारीची आहेत, तिला हमखास जागा दहा-अकरा. उरलेल्यांनी सर्वसाधारण गटात निबंध लिहावेत! आशियाई मुलांचे प्रमाण एका वर्षात ७३ टक्क्यांवरून ५४ वर आले, ते काय आशियाई मुले एका वर्षात निबंध लिहायला विसरली म्हणून?

लोवेलची आई:

मी सॅन फ्रान्सिस्कोहून लिहीत आहे. आमच्याकडे लोवेल या निवडक सरकारी हायस्कूलमध्ये हाच प्रयोग अधिक ढोबळपणे झाला. तेथे निबंधही नव्हते. महामारीचे कारण देऊन २०२१ च्या प्रवेशांसाठी सरळ चिठ्ठ्या टाकल्या, मग बोर्डाने तीच पद्धत कायमची करण्याचा ठराव केला, पुढे न्यायालयाने तो ठराव बैठकीच्या नियमांत बसत नाही म्हणून रद्द ठरवला, मतदारांनी २०२२ मध्ये बोर्डाच्या तीन सभासदांना पदावरून हटवले आणि त्याच वर्षी जूनमध्ये बदललेल्या बोर्डाने चार विरुद्ध तीन मतांनी गुणवत्तेची पद्धत पुन्हा आणली.

निकालांचे म्हणाल तर आकडा सर्वांना पाठ आहे. चिठ्ठ्यांनी आलेल्या नववीच्या ६२० मुलांपैकी २४.४ टक्के मुलांना पहिल्या सत्रात निदान एका विषयात डी किंवा एफ, म्हणजे जेमतेम पास किंवा नापास, असा शेरा मिळाला. त्याआधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण ७.९ आणि ७.७ टक्के होते. हा आकडा वर्तमानपत्रात आला त्या दिवशी मराठी मंडळाच्या पालकांच्या गटात जो विजयोत्सव झाला, तो मी विसरलेले नाही.

त्या २४.४ टक्क्यांत माझी मुलगी होती. हे मी आज पहिल्यांदाच उघड लिहीत आहे. तिला जीवशास्त्रात डी मिळाला. शिक्षकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी तिला जेवणाच्या सुट्टीत बसवून शिकवले. पण या मुलीने आठवीचे वर्ष स्वयंपाकघराच्या टेबलावर, पडद्यासमोर, बहुतेक वेळा कॅमेरा बंद करून काढले होते. तिच्या आधीच्या तुकडीचा ७.९ हा आकडाही घरबसल्या सत्राचा आहे, जेव्हा सगळीकडेच गुण देताना हात सैल होता. त्यामुळे चिठ्ठी किती, महामारी किती आणि माझ्या मुलीचा आळस किती, याची वाटणी कोणी करून दाखवली तर मी ऋणी राहीन. दहावीत तिचा बी आला, हे कोणत्याही वर्तमानपत्रात आले नाही.

अॅशबर्नकर:

ताई, आपल्या मुलीबद्दल आदर राखून विचारतो: ७.७ हा आकडा २०१९ चा आहे, तेव्हा तर शाळा रीतसर भरत होती. तिप्पट वाढ एकट्या पडद्याच्या माथी मारता येईल का?

लोवेलची आई:

नाही मारता येणार. मी तसे म्हटलेलेही नाही. ती सगळीच्या सगळी चिठ्ठीच्याही माथी मारता येणार नाही, एवढेच म्हटले आहे.

आकडेमोड:

दोन्ही बाजूंना न आवडणारे काहीतरी सांगतो.

निवडक शाळेत गेल्याने मुलाचे गुण वाढतात का, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी फार चलाखीने सोडवला आहे. प्रवेशाच्या कटऑफच्या एका गुणाने वर असलेला मुलगा आत जातो आणि एका गुणाने खाली असलेला बाहेर राहतो. दोघांच्या डोक्यात काही फरक नसतो, फरक फक्त शाळेचा. पुढे दोघांचे गुण ताडून पाहायचे. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळांवर असे काम करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि काठावरच्या मुलांच्या पुढच्या परीक्षांतील गुणांवर शाळेचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. सोबतीची हुशारी कमालीची वाढते, गुण मात्र तेथेच राहतात. तेव्हा अॅशबर्नकर, रात्री अकराचे ते फोन फार रम्य असतील, पण गुणपत्रिकेत त्यांचा माग लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूला. शिकागोत निवडक शाळांच्या थोड्या जागा निव्वळ गुणांवर देतात आणि उरलेल्या वस्तीच्या आर्थिक-सामाजिक स्थितीप्रमाणे केलेल्या चार गटांत वाटतात. गरीब वस्तीतून अशा रीतीने आत आलेल्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांचे परीक्षेतले गुण वाढलेले दिसले नाहीत, जीपीए मात्र खाली गेला, कारण वर्गात ती शेवटच्या रांगेत पडली. आणि निवडक महाविद्यालयात जाण्याची त्यांची शक्यताही त्यामुळे कमी झाली. म्हणजे ज्यांच्या भल्यासाठी जागा राखल्या, त्यांना गुणांच्या मापाने काही मिळाले नाही. पोटोमॅककाठी यांनी जात्याचे कौतुक थांबवायला सांगितले आहे, ते ठीकच आहे. पण जाते काही करतच नसेल तर त्यात कोणाचे धान्य घालायचे यावरून आपण चार वर्षे, नव्या पद्धतीविरुद्धचा खटला नेऊन, सर्वोच्च न्यायालयापर्यंत का भांडलो, याचेही उत्तर त्यांनी द्यावे.

अॅशबर्नकर:

काठावरच्या मुलांवरून मधल्या आणि वरच्या मुलांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हे आपल्यासारख्या जाणकाराला मी सांगायला नको. कटऑफच्या अगदी वर असलेला मुलगा त्या शाळेतला सर्वांत कच्चा मुलगा असतो.

आकडेमोड:

मान्य. ही त्या पद्धतीची मर्यादाच आहे. मात्र नव्या पद्धतीमुळे ज्यांच्या जागा गेल्या आणि ज्यांना मिळाल्या, ती मुले बहुतांशी काठाजवळचीच असणार, हेही आपण मान्य करावे.

पोटोमॅककाठी:

आकडेमोड यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. भांडण गुणांवरून नव्हतेच, ते दारावरून होते. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या तुकडीतल्या ४८६ मुलांत गरीब घरातली मुले एक टक्कासुद्धा नव्हती. नव्या पद्धतीने ५५० मुले घेतली, त्यांत ती पंचवीस टक्के झाली. अर्ज तपासणाऱ्यांना मुलाचे नाव किंवा वंश माहीत नसतो, समोर फक्त क्रमांक असतो. सरकारच्या पैशांवर चालणाऱ्या शाळेत, जिच्या भोवतालच्या काउंटीत हजारो मुले मोफत जेवण घेतात, त्यांतले एखाददुसरे मूल आत येत असेल, तर त्या परीक्षेत नक्की काय मोजले जात होते हा प्रश्न मला पडतो. मला वाटते क्लास मोजला जात होता. आठवीच्या मुलाला दोन-दोन वर्षे शनिवार-रविवार क्लासला पाठवायचे, हजारो डॉलर भरायचे, आणि मग निकालाला गुणवत्ता म्हणायचे. २०१७ मध्ये मुद्दाम अशी गणिताची परीक्षा आणली होती की जिची तयारी करून घेता येऊ नये, तर क्लासवाल्यांनी तिचेही वर्ग काढले.

अॅशबर्नकर:

हेच येणार हे मला ठाऊक होते. टीजेचा विषय निघाला की पाचव्या उत्तरापर्यंत गाडी क्लासवर येते आणि आमच्या मुलांचे कष्ट हा जणू गुन्हा ठरतो.

मी डोंबिवलीच्या चाळीत वाढलो. वडिलांनी ओव्हरटाइम करून बारावीच्या क्लासची फी भरली, म्हणून अभियांत्रिकीला गेलो, म्हणून येथे आलो. क्लास हे श्रीमंतांचे चोचले आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी क्वीन्समधल्या टॅक्सीचालकांची मुले कोठे जातात ते पाहावे. गोरा शेजारी मुलाला सात वर्षांचा असल्यापासून फुटबॉलच्या खाजगी प्रशिक्षकाकडे नेतो, त्याला जिद्द म्हणतात. आम्ही गणिताला नेले की ती फसवणूक. आमच्या मुलीने दोन वर्षे शनिवार दिले. त्या शनिवारांत ती गणित शिकली हो! क्लासमध्ये शिकलेले गणित खोटे आणि वर्गात शिकलेले खरे, असा काही भेद गणितात आहे का? आणि टीजेतल्या पहिल्याच परीक्षेत ते गणित उपयोगी पडते. निबंधातली ‘मी अडचणीला कसे सामोरे गेलो’ ही गोष्ट पडत नाही.

क्वीन्सचे काका:

माझा उल्लेख झाल्यासारखा वाटला म्हणून दोनच ओळी. न्यूयॉर्कमध्ये १९७१ च्या राज्य कायद्यानेच निवडक शाळांची परीक्षा बांधून ठेवलेली असल्यामुळे शहराला ती काढता येत नाही. २०१९ मध्ये त्यांतल्या स्टायव्हेसंटने ८९५ मुलांना जागा देऊ केल्या, त्यांत कृष्णवर्णीय मुले सात होती. आमच्या निकालांना कोणी नावे ठेवत नाही, हे खरे. ते सात पाहून मला मात्र त्या निकालांचा अभिमान सांगता येत नाही, आणि माझा मुलगा त्याच शाळेत शिकला आहे.

सातारचा मास्तर:

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले आणि सध्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे हर्नडनला आलो आहे. टीजे मला फक्त बाहेरून ठाऊक आहे. पण शाळेचे निकाल आणि शाळेचे शिकवणे यांचा घोळ मी स्वतः भोगला आहे, म्हणून लिहितो.

आमच्या शाळेच्या भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांचा फळा होता. चौथीच्या परीक्षेसाठी आम्ही सकाळी सातपासून जादा तास घ्यायचो, फी न घेता, आणि दरवर्षी एखाददुसरे नाव फळ्यावर चढायचे. २०१६–१७ पासून परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली. आमची शाळा चौथीपर्यंतच. मुले पाचवीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाऊ लागली, शिष्यवृत्ती तेथून मिळवू लागली, आणि आमच्या फळ्यावर त्यानंतर एकही नाव चढले नाही. शिकवणारे तेच, शिकवणे तेच. ग्रामसभेत मात्र एक जण उभा राहून म्हणाला, की मास्तरांचे आता लक्ष राहिले नाही. मी काय उत्तर देणार? नियम मुंबई-पुण्याला बदलतो आणि आकडा गावात घसरतो. पोटोमॅककाठी यांचे १६५ आणि ८१ वाचून मला तो रिकामा फळा आठवला.

दुसरे असे, की शिष्यवृत्तीला ग्रामीण आणि शहरी अशा वेगळ्या याद्या असतात. त्यामुळे गुणवत्तेचा अपमान झाला असे मी तरी कधी ऐकले नाही. मग येथे प्रत्येक शाळेतून दीड टक्का घेतले, तर एवढे आकाश का कोसळावे?

नवोदयी:

मास्तरांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातून नवोदयला गेलो, म्हणून या धाग्यात मला बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो.

नवोदयच्या सहावीच्या ऐंशी जागांपैकी जिल्ह्यातल्या निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. संपूर्ण जिल्ह्याची एकच यादी लावली असती तर शहरातल्या चार शाळांनी सगळ्या जागा नेल्या असत्या आणि मी आज शेती करत असतो. तीही वाईट नव्हे, पण हा धागा वाचत नसतो. आमच्या गावच्या शाळेत गणिताला दोन वर्षे शिक्षक नव्हता. तरीही सीबीएसईच्या निकालांत नवोदय वर्षानुवर्षे खाजगी शाळांच्या पुढे राहिलेली आहेत. ‘राखीव जागा म्हणजे निकाल घसरणार’ हे समीकरण ज्यांना स्वयंसिद्ध वाटते, त्यांनी याचे उत्तर द्यावे.

अॅशबर्नकर:

उत्तर सोपे आहे आणि ते आपणच अर्धे दिले आहे. नवोदयला परीक्षा असते! ऐंशी प्रश्न, दोन तास, बुद्धिमत्ता, अंकगणित, भाषा. ग्रामीण मुलांची स्पर्धा ग्रामीण मुलांशी होते, पण स्पर्धा होते. निबंध लिहून कोणी नवोदयला जात नाही. आपण माझ्याच बाजूने साक्ष दिलीत, आभारी आहे.

नवोदयी:

आपल्या बाजूने साक्ष देण्याची मला हौस नाही. परीक्षा हवी, हे मी नाकारत नाही. आपण आजवर काउंटीभरची एकच यादी हवी म्हणत होता; ती यादी मला आत येऊ देत नव्हती. शिवाय नवोदयमध्ये सात वर्षे निवासी शिक्षण मिळते, मागे पडलेल्या मुलाला रात्रीच्या अभ्यासिकेत शिक्षक गाठतात. टीजेत नवा मुलगा अल्जिब्रा वन एवढ्याच शिदोरीवर येतो आणि त्याच्या शेजारी अल्जिब्रा टू संपवलेला बसतो. चार वर्षांत ते अंतर कापण्यासाठी त्याला काय दिले, याबद्दल या धाग्यात अजून कोणीच बोललेले नाही. सगळे दाराशीच उभे आहेत.

अॅशबर्नकर:

आणि ग्रामीण दाखल्यांचे काय? तालुक्याच्या गावातले व्यापारी मुलाचे नाव तिसरीपासून खेड्यातल्या शाळेत घालतात, कारण नियमाने तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत व्हावी लागते. मूल त्या शाळेत किती दिवस बसते, हे मास्तरांनाच विचारा.

सातारचा मास्तर:

मास्तरांना विचारल्यास मास्तर सांगतील, की हजेरी पूर्ण असते. मूल कोठे असते ते विचारू नका. मी दोन पालकांना अशा कामासाठी परत पाठवले, तेव्हा त्यांच्यातला एक मला ‘खेड्यातल्या पोरांचा शत्रू’ म्हणाला होता, हे गंमत म्हणून सांगतो.

अॅशबर्नकर:

हेच येथेही सुरू झाले आहे. माझ्या ओळखीतल्या दोन घरांनी मुलाला सातवीपासून एएपी सेंटरमध्ये, म्हणजे हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गांच्या शाळेत, न पाठवता जवळच्या साध्या मिडल स्कूलमध्ये ठेवले, कारण तेथे दीड टक्क्यात येणे सोपे. पूर्वी लोक क्लासला पैसे देत होते, आता शाळा निवडण्यात डोके लढवतात. पोटोमॅककाठी, आपली नवी चाळणी ती हीच.

आकडेमोड:

एका अर्थी हे चांगलेच लक्षण नव्हे काय? तयारीची मुले विखुरली, तर त्या साध्या मिडल स्कूलमध्येही आठवीला भूमितीचा वर्ग सुरू करावा लागेल. मात्र हे मी तत्त्वतः म्हणतो. मुलगा माझा असता तर मीही एएपी सेंटरच निवडले असते, असे बायको मागून सांगत आहे.

लोवेलची आई:

विषय क्लास, नवोदय आणि हजेरीपटापर्यंत पोहोचला, म्हणून आठवण करून देते: चर्चा निकालांची होती. नवोदयी यांचे वाक्य मला लागले. माझी मुलगी आत आली तेव्हा तिला कोणाच्या शेजारी बसायचे आहे हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हते. एक साधी चाचणी घेऊन, प्रवेश नाकारण्यासाठी नव्हे, तर ‘हिला उन्हाळ्यात अल्जिब्राची उजळणी हवी’ एवढे कळण्यासाठी, कोणी मोजले असते तर तो डी कदाचित सी झाला असता. परीक्षा काढणाऱ्यांनी दाराचे कुलूप काढताना घरातला तराजूही नेला, असे मला आता वाटते. पण म्हणून जुने कुलूपच परत लावा, असे मी म्हणणार नाही.

पोटोमॅककाठी:

इतक्या जणांनी इतक्या बाजूंनी झोडपल्यावर काही गोष्टी मान्य करणे भाग आहे.

८१ या आकड्यावरून शाळेचे शिकवणे बिघडले हे सिद्ध होत नाही, या माझ्या मुद्द्यावर मी ठाम आहे. मास्तरांच्या फळ्याने तो माझ्यापेक्षा चांगला मांडला. पण परीक्षा काढण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता असे जे मी गृहीत धरले होते, ते नवोदयच्या उदाहरणापुढे टिकत नाही. प्रत्येक मिडल स्कूलची वेगळी यादी ठेवावी, त्या यादीत क्रम लावण्यासाठी सोपी, फुकट, शाळेच्याच वेळेत घेतलेली परीक्षा असावी, आणि कमी पडणाऱ्यांना नववीच्या आधीचा उन्हाळा शिकवण्यात घालवावा: असे असते तर गरीब मुले आत आलीच असती आणि अॅशबर्नकरांना निबंधांबद्दल इतके परिच्छेद लिहावे लागले नसते.

अॅशबर्नकर:

इतके मान्य करायला आपल्याला एवढा धागा लागला. वेगळ्या याद्या मला अजूनही पसंत नाहीत, पण परीक्षेसह त्या असत्या तर मी न्यायालयाच्या खटल्यासाठी वर्गणी दिली नसती, एवढे नाइलाजाने कबूल करतो. मात्र एक विचारू द्या. हे सगळे इतके स्वच्छ दिसत होते, तर २०२० च्या डिसेंबरात बोर्डाची बैठक ऑनलाइन चालू असताना आपण हे का बोलला नाहीत? मी रात्री उशिरापर्यंत ऐकत बसलो होतो. आपले नाव काही दिसले नाही.

पोटोमॅककाठी:

त्या संध्याकाळी घरातला एकमेव धड संगणक मुलाकडे होता. त्याचा टीजेच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास चालू होता. परीक्षा रद्द होऊन दोन महिने झाले होते, पण क्लासवाले फी परत करायला तयार नव्हते.